स्मारकदर्शन आणि स्मारकवाचन : कर्नाटकातील ऐतिहासिक स्थळांच्या शैक्षणिक सहलींची चिकित्सा

सारांश : महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली कर्नाटकातील बदामी, ऐहोळे, पट्टदकल, हंपी, विजापूर व श्रवणबेळगोळ या स्थळांना जातात. या भेटींत विद्यार्थी स्मारके पाहतात. परंतु त्यांच्याविषयीचे ज्ञान मात्र मार्गदर्शकाच्या ठरावीक कथनातून तयार स्वरूपात स्वीकारतात. प्रस्तुत लेखात या कथनातील चार घटकांची (वास्तूंची नावे, विध्वंसाची कथा, दुर्लक्षित शिलालेख आणि स्मारकांभोवतीची वस्ती) चिकित्सा केली असून, स्मारकभेटीला अभ्यासपद्धतीचे रूप कसे देता येईल याचा विचार मांडला आहे.

बीजशब्द : स्मारक, शैक्षणिक सहल, हंपी, विजयनगर, शिलालेख, इतिहासलेखन.

प्रास्ताविक

दिवाळीची सुट्टी संपली की महाविद्यालयांतून शैक्षणिक सहलींची लगबग सुरू होते. इतिहास, मराठी, भूगोल, क्वचित समाजशास्त्र या विभागांचे विद्यार्थी दोन-तीन प्राध्यापकांसह एका बसमधून निघतात आणि चार-पाच दिवसांत कर्नाटकातील पाच-सहा स्थळे पाहून परततात. परतल्यावर प्रत्येक विद्यार्थी सहलीचा अहवाल सादर करतो. प्रस्तुत लेखकाने असे अहवाल अनेक वर्षे तपासले आहेत. त्यांतील सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे त्यांचे परस्परसाम्य. हंपीचे रत्नांचे बाजार, दगडी रथ, वाजणारे खांब आणि शेवटी सुलतानांनी केलेला विध्वंस, विजापूरचा सात वेळा येणारा प्रतिध्वनी, ऐहोळे म्हणजे मंदिरस्थापत्याचा पाळणा. ही वाक्ये शब्दांच्या किरकोळ फरकाने प्रत्येक अहवालात येतात. विद्यार्थ्यांनी ती एकमेकांची उतरवलेली असतात असे नाही. सर्वांनी एकच कथन ऐकलेले असते, एवढाच त्याचा अर्थ.

हा दोष केवळ मार्गदर्शकाचा मानणे अन्यायाचे होईल. अर्ध्या तासात पन्नास मुलांना एक वास्तू समजावून सांगण्याचे काम आपणच त्याच्यावर सोपवतो आणि आपण बसचालकाशी पुढच्या मुक्कामाचे बोलत उभे राहतो. वर्गात साधनांची चिकित्सा शिकविणारा अध्यापक प्रत्यक्ष साधनासमोर उभा राहिल्यावर ती चिकित्सा दुसऱ्यावर सोडून देतो, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे. म्हणूनच पुढील विवेचन मार्गदर्शकांवरील टीका म्हणून न वाचता अध्यापकांच्या आत्मपरीक्षणाचा भाग म्हणून वाचावे, अशी अपेक्षा आहे.

१. नावे कोणी दिली?

स्मारकाशी आपली पहिली ओळख नावाने होते आणि बहुतेक वेळा तेथेच थांबते. ऐहोळे येथील 'दुर्ग मंदिर' हे याचे ठळक उदाहरण. विद्यार्थी हे नाव दुर्गादेवीशी जोडतात. वस्तुतः हे नाव दुर्गावरून, म्हणजे या वास्तूचा कधीकाळी तटबंदीच्या कामी वापर झाल्यामुळे पडले आहे. त्याच गावातील 'लाडखान मंदिरा'चे नाव तेथे पूर्वी राहणाऱ्या व्यक्तीवरून आले. मंदिराला एका मुसलमान रहिवाशाचे नाव कसे, या प्रश्नातूनच ऐहोळेच्या इतिहासातील एक मोठे सत्य उलगडते. ही मंदिरे दीर्घकाळ गावाचा भाग होती, लोक त्यांत राहत होते आणि आज दिसणारी मोकळी, हिरवळीने वेढलेली 'स्मारके' ही नंतरच्या संरक्षणव्यवस्थेची निर्मिती आहे. जुन्या ग्रंथांत लाडखान मंदिर पाचव्या शतकातील मानले जाई. नंतरच्या अभ्यासकांनी त्याचा काळ सातव्या-आठव्या शतकापर्यंत पुढे आणला. 'पाळण्या'चे रूपक ज्या कालनिर्णयावर उभे होते तो बदलला, रूपक मात्र टिकून राहिले.

हंपीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. 'लोटस महाल', 'राणीचे स्नानगृह', 'गजशाळा', 'जनाना' ही सर्व नावे नगर उजाड झाल्यानंतरच्या काळातील आहेत. ज्या इमारतीला आज लोटस महाल म्हणतात तिला जुन्या नकाशात मंत्रणागृह म्हटलेले आढळते. शिवाय ही इमारत ज्या आवाराला जनानखाना म्हणतात त्यात आहे आणि त्याच आवाराला लागून अकरा दालनांची गजशाळा व तिच्यासमोरचे विस्तीर्ण पटांगण आहे. राणीवशाच्या भिंतीला लागून हत्तींची वर्दळ आणि सैन्याच्या कवायतींचे मैदान असेल काय, हा प्रश्न पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुचू शकतो. मात्र तो सुचण्यासाठी 'जनाना' हे नाव वास्तूवरील फलक नसून एक अनुमान आहे, हे त्याला आधी कळले पाहिजे.

'उग्र नरसिंह' या नावातही असाच अर्थबदल दडलेला आहे. कृष्णदेवरायाच्या काळात, १५२८ साली कोरलेली ही सुमारे पावणेसात मीटर उंचीची एकपाषाणी मूर्ती मुळात लक्ष्मीनरसिंहाची. मांडीवरील लक्ष्मी नष्ट झाली. तिचा हात तेवढा देवाच्या पाठीशी राहिला. भग्नतेमुळे मूर्तीचे जे रूप उरले त्यालाच आपण तिचा मूळ भाव समजू लागलो. मूर्तीच्या मागील बाजूस जाऊन तो हात शोधायला सांगणे, एवढ्या एका सूचनेने विद्यार्थी प्रेक्षकाचा निरीक्षक होतो.

सर्वांत बोलके उदाहरण विठ्ठल मंदिराच्या प्रांगणातील दगडी रथाचे. २०१७ पासून हा रथ पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर आहे, त्यामुळे तो पाहिला नाही असा विद्यार्थी शोधून सापडणार नाही. परंतु अलेक्झांडर ग्रीनलॉ याने १८५६ साली हंपीची जी छायाचित्रे घेतली, त्यांत या रथावर विटांचे शिखर स्पष्ट दिसते. ते पुढे उतरविण्यात आले. म्हणजे आपण ज्याला विजयनगरचे प्रतीक मानतो ते आजचे रूप विजयनगरच्या कोणाही रहिवाशाने पाहिलेले नव्हते. मुळात हे गरुडाचे मंदिर, रथाच्या आकारात बांधलेले. त्याचे शिखर गेल्यावर ते 'मंदिर' राहिले नाही, 'रथ' झाले. स्मारक स्थिर असते आणि आपण त्याच्याकडे जातो, ही समजूत अशा ठिकाणी तपासून पाहावी लागते.

२. विध्वंसाची कथा

हंपीच्या भेटीचा भावनिक कळस म्हणजे १५६५. त्या वर्षीच्या जानेवारीत विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा व बीदर येथील सुलतानांच्या संयुक्त फौजांनी रामरायाचा पराभव केला, रामराय मारला गेला आणि राजधानी लुटली गेली. ही वस्तुस्थिती निर्विवाद आहे आणि ती सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो तिच्याभोवती उभारलेल्या चौकटीला. हिंदू साम्राज्य व मुस्लिम सत्ता यांच्यातील अटळ संघर्षाचा शेवट, अशी ही चौकट आहे. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट सेवेल यांच्या 'ए फरगॉटन एम्पायर' या ग्रंथाने तिला मोठी प्रतिष्ठा दिली. सेवेल यांचे ऋण मोठे आहे. दोमिंगो पाइस आणि फर्नाव नुनीश या पोर्तुगीजांचे वृत्तान्त त्यांनीच इंग्रजीत आणले. मात्र त्यांनी सांगितलेला अर्थ आज शतकाहून अधिक काळानंतरही मार्गदर्शकांच्या तोंडी जसाच्या तसा राहावा, हे आपल्या अध्यापनाचे अपयश आहे.

या चौकटीत न बसणारा पुरावा हंपीतच उभा आहे. १४३९ साली, दुसऱ्या देवरायाच्या कारकिर्दीत, त्याच्या पदरी असलेल्या अहमदखान या अधिकाऱ्याने बांधलेली मशीद राजधानीच्या परिसरात आहे. तिच्यावरील कानडी लेखात या वास्तूला धर्मशाळा म्हटले असून ती राजाच्या पुण्यार्थ बांधल्याचा उल्लेख आहे. सहलीच्या बस या वास्तूपाशी सहसा थांबत नाहीत. लोटस महालाच्या कमानी, गजशाळेचे घुमट, राणीच्या स्नानगृहातील सज्जे पाहताना 'इस्लामी शैलीचा प्रभाव' असे एक वाक्य उच्चारले जाते आणि आपण पुढे जातो. तथापि विजयनगरच्या राजांनी 'हिंदुरायसुरत्राण', म्हणजे हिंदू राजांमधील सुलतान, हे बिरुद अभिमानाने धारण केले होते आणि दरबारात उंच टोपी व लांब अंगरखा हा पश्चिम आशियाई वळणाचा पोशाख रूढ होता. फिलिप वॅगनर यांनी १९९६ मधील आपल्या निबंधात या पुराव्याच्या आधारे दाखविले की, विजयनगरच्या दरबाराने एका व्यापक राजकीय संस्कृतीची भाषा जाणीवपूर्वक आत्मसात केली होती. मग त्या कमानी केवळ 'प्रभाव' राहत नाहीत; त्या निवड ठरतात.

युद्धापूर्वीचे राजकारणही याच दिशेने बोट दाखविते. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुत्बशहा गादीवर येण्यापूर्वी कित्येक वर्षे विजयनगरच्या आश्रयाला होता. विजापूरच्या अली आदिलशहाने अहमदनगरच्या निजामशाहीविरुद्ध रामरायाशी हातमिळवणी केली होती. सुलतानांच्या परस्पर भांडणांत कधी याची, कधी त्याची बाजू घेऊन रामरायाने आपले वर्चस्व वाढविले आणि त्याच खेळातून अखेरीस सर्व त्याच्याविरुद्ध एकत्र आले. अहमदनगर हे या कथेतील एक प्रमुख पात्र असल्याने ही लढाई महाराष्ट्राच्या इतिहासाचाही भाग आहे, याची जाणीव मराठी विद्यार्थ्याला करून दिली जात नाही. तसेच १५६५ नंतर राज्य संपले नाही. राजघराणे पेनुकोंड्याला व पुढे चंद्रगिरीला गेले. विरूपाक्ष मंदिरातील पूजाअर्चाही टिकून राहिली. हंपी गाव त्या मंदिराच्या आधाराने आजही जिवंत आहे. 'सर्व काही नष्ट झाले' हे वाक्य त्याच मंदिरात प्रसाद घेतल्यानंतर ऐकले जाते, ही विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही.

विजापुरात याच कथनाची दुसरी बाजू दिसते. तेथे गोलघुमटाच्या आत टाळ्या आणि शिट्ट्यांचा गजर चालू असतो. सुमारे ४४ मीटर बाह्य व्यासाचा हा घुमट एकमेकांना छेदणाऱ्या कमानींच्या साहाय्याने चौकोनी दालनावर कसा तोलला आहे, हे वर पाहून समजून घेण्याची उसंत मिळत नाही. खाली महंमद आदिलशहाची (राज्यकाल १६२७ ते १६५६) कबर आहे आणि शहाजीराजे याच दरबाराचे सरदार होते, हेही आठवत नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 'किताब-ए-नौरस' या आपल्या गीतसंग्रहात सरस्वती व गणेश यांना वंदन केले आहे. त्याच्या कबरीच्या वास्तूसमोर, इब्राहिम रोझासमोर, उभे असताना हे सांगितले गेले, तर विध्वंसाच्या कथेतील एकरंगीपणा आपोआप कमी होईल. त्याऐवजी 'साठ कबरीं'ची, अफझलखानाने मोहिमेवर निघण्यापूर्वी आपल्या बायकांना ठार केल्याची कथा मात्र रंगवून सांगितली जाते. ती कोणत्या साधनावर आधारलेली आहे, असे विचारण्याचे धैर्य विद्यार्थ्यांत नसेल तर ते अध्यापकाने दाखविले पाहिजे.

३. न वाचलेले लेख

स्मारकांच्या अंगावरच त्यांचा इतिहास लिहिलेला असतो आणि तोच आपण वाचत नाही. ऐहोळेच्या टेकडीवरील मेगुती जिनालयात रविकीर्तीने रचलेला शके ५५६ (इ. स. ६३४-३५) चा संस्कृत लेख आहे. दुसऱ्या पुलकेशीने हर्षाला रोखले, ही घटना पाठ्यपुस्तकात याच लेखावरून आली. त्यात पुलकेशी नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाल्याचे म्हटले आहे. कालिदास आणि भारवी यांचा नामोल्लेख असल्याने संस्कृत वाङ्मयाच्या कालनिर्णयातही हा लेख महत्त्वाचा ठरतो. मराठी, संस्कृत आणि इतिहास अशा तीन विभागांना एकाच शिळेसमोर उभे करील असा हा पुरावा. परंतु टेकडी चढावी लागते म्हणून वेळेअभावी तो बहुधा वगळला जातो.

पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवीने, आपला पती दुसरा विक्रमादित्य याच्या कांचीविजयाच्या स्मरणार्थ बांधविले. तेथील लेखांत राणीबरोबरच स्थपती गुंड अनिवारिताचारी याचेही नाव व बिरुदे कोरलेली आहेत. प्राचीन भारतीय कलावंत अनामिक होता, हे वर्गात सांगितलेले विधान येथे तपासून घेता येते. कांचीच्या कैलासनाथ मंदिरातील स्तंभावर याच विक्रमादित्याचा कानडी लेख असून, जिंकलेल्या नगरातील त्या मंदिराची संपत्ती त्याने परत केल्याचे तो सांगतो. युद्ध, आदर, अनुकरण आणि स्पर्धा या सर्वांचे नाते या दोन लेखांतून उमगते. वेरूळच्या कैलास लेण्याची आखणी पट्टदकलच्या विरूपाक्षाशी मिळतीजुळती आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे कांचीपासून वेरूळपर्यंतचा एक अखंड धागा मराठी विद्यार्थ्याच्या हाती येतो.

श्रवणबेळगोळचे उदाहरण मराठी विभागांना अधिक जवळचे. गोमटेश्वराच्या पायांशी असलेला नागरी लिपीतील मराठी लेख मराठीचा आद्य शिलालेख म्हणून पिढ्यान्पिढ्या पाठ केला गेला. मूर्तीची स्थापना चावुंडरायाने ९८१ च्या सुमारास केल्याने लेखही त्याच काळातला, असा तर्क त्यामागे होता. परंतु लेखातच पुढे गंगराजाने परिसराचे बांधकाम करविल्याचा उल्लेख आहे आणि गंगराज हा बाराव्या शतकाच्या आरंभीचा. त्यामुळे लेखाचा काळ पुढे आणावा लागतो. रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील शके ९३४ (इ. स. १०१२) चा लेख आद्य ठरविण्याच्या चर्चेस त्यामुळे बळ मिळाले. मूर्तीचा काळ आणि लेखाचा काळ वेगळा असू शकतो, हे साधनचिकित्सेचे मूलभूत तत्त्व येथे दोन ओळींत शिकविता येते. असे असताना अनेक विद्यार्थी 'आद्य शिलालेखा'समोर छायाचित्र काढून त्याला वंदन करून परततात. भाषेवरील प्रेम त्यात निश्चितच आहे. परंतु त्या लेखाशेजारीच त्याच आशयाचे कानडी व तमिळ लेख आहेत, याकडे लक्ष गेले नाही तर ते प्रेम अपुरे राहते. यात्रेकरू कोणत्या भाषांचे होते आणि प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगण्याची गरज तेव्हा का वाटली, हा प्रश्न आद्यत्वाच्या वादापेक्षा कमी मोलाचा नाही.

हंपीतील विठ्ठल मंदिराबाबत मराठी मन साहजिकच हळवे होते. पंढरपूरची मूर्ती कृष्णदेवरायाने विजयनगरला नेली व संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. तिचा आदर राखूनही विद्यार्थ्यांना सांगता येईल की परंपरा आणि पुरावा यांची तपासणी वेगवेगळ्या पद्धतींनी होते. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात या दैवताच्या दक्षिणी संबंधांचा जो विस्तृत शोध घेतला, त्यातील एखादे प्रकरण सहलीपूर्वी वाचून घेतले असता हंपीचे ते रिकामे गर्भगृह अधिक बोलके होईल.

४. स्मारक आणि माणसे

संरक्षित स्मारकाला कुंपण असते आणि त्यामुळे त्याच्या बाहेरचे जग इतिहासाचा भाग नाही असे वाटू लागते. हंपीचा समावेश १९८६ साली जागतिक वारसा यादीत झाला. तुंगभद्रेवरील पुलांच्या बांधकामांमुळे १९९९ ते २००६ या काळात हे स्थळ 'संकटग्रस्त वारसा' यादीत होते. त्यांतील आनेगुंदीचा पूल २००९ मध्ये बांधकाम चालू असतानाच कोसळून जीवितहानी झाली. २०११ मध्ये विरूपाक्ष मंदिरासमोरील जुन्या बाजारपेठेच्या दगडी ओवऱ्यांत राहणाऱ्या व दुकाने चालविणाऱ्या कुटुंबांना हटविण्यात आले. अतिक्रमण आणि संरक्षण या शब्दांत हा विषय संपविता येत नाही. ज्या रस्त्यावर सोळाव्या शतकात बाजार भरत होता तेथे एकविसाव्या शतकातील बाजार चालू राहणे ही स्मारकाची हानी की त्याचे सातत्य? दुसऱ्या बाजूस, ओवऱ्यांत भिंती घालून व गिलावा करून मूळ बांधकामाला धक्का पोहोचत असेल तर त्याला मुभा कशी द्यावी? ऐहोळेच्या लाडखानाचा प्रश्न येथे पुन्हा आपल्यासमोर येतो. नदी ओलांडण्यासाठी दोन्ही काठांवरील ग्रामस्थांना पूल हवा होता, हेही विसरता येणार नाही. भूगोल व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यापेक्षा जिवंत अभ्यासविषय दुसरा मिळणे कठीण.

हाच विचार भूतकाळालाही लागू पडतो. हजारराम मंदिराच्या आतील रामायणपट सर्वजण पाहतात. आवाराच्या बाहेरील भिंतीवर कोरलेल्या घोडे, हत्ती, सैनिक आणि नर्तकी यांच्या रांगा मात्र चालता चालता मागे पडतात. विजयनगरच्या सामर्थ्याचा मोठा आधार समुद्रमार्गे येणारे घोडे हा होता आणि १५१० नंतर त्या व्यापाराची किल्ली गोव्यातील पोर्तुगीजांकडे गेली. भिंतीवरचा घोडा पाहून गोव्याच्या बंदराची आठवण होणे, हे आर्थिक इतिहासाचे शिक्षण आहे.

आक्षेप आणि मर्यादा

या प्रतिपादनावर दोन आक्षेप घेतले जाणे स्वाभाविक आहे. पहिला, सहल ही विद्यार्थ्यांच्या आनंदासाठीही असते. तिचे तासिकेत रूपांतर केल्यास मूळ हेतूच हरपेल. हा आक्षेप योग्य आहे. अनेक ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः विद्यार्थिनींसाठी, घराबाहेरचा तो पहिलाच मुक्काम असतो आणि त्याचे मोल कोणत्याही अहवालात मावणारे नाही. परंतु आनंद आणि जिज्ञासा यांत विरोध मानण्याचे कारण नाही. नरसिंहाच्या पाठीवरील लक्ष्मीचा हात सापडल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो फलक वाचून दिसत नाही. दुसरा आक्षेप साधनांचा : वेळ अपुरा, निधी तुटपुंजा, शिलालेखांची लिपी अपरिचित. हाही खरा आहे. म्हणूनच सहा स्थळांऐवजी दोन स्थळे निवडावीत. कमी पाहणे हा येथे तोटा नाही.

समारोप

वरील विवेचनातून काही व्यवहार्य सूचना पुढे येतात. सहलीपूर्वी प्रत्येक स्थळासंबंधी एक प्राथमिक साधन, मग तो शिलालेखाचा अनुवाद असो, परकीय प्रवाशाचा वृत्तान्त असो वा जुने छायाचित्र असो, वर्गात वाचले जावे. स्थळावर प्रत्येक गटाला एकच प्रश्न द्यावा आणि त्याचे उत्तर त्याने डोळ्यांनी शोधावे. मार्गदर्शकाचे कथन मन लावून ऐकावे, टिपून घ्यावे व परतल्यावर तेही एक साधन म्हणून तपासावे. ते कोठून आले, कोणत्या ग्रंथाची भाषा त्यात उरली आहे, काय वगळले गेले आहे, हे पाहावे. अहवालात माहितीपेक्षा विद्यार्थ्याला पडलेल्या शंकांना अधिक गुण असावेत.

स्मारके आपल्या समाजात आता केवळ पर्यटनाचा विषय राहिलेली नाहीत. कोणी काय पाडले, कोणी काय बांधले यावरून वर्तमानातील माणसांचे हक्क ठरविण्याची भाषा सर्वत्र ऐकू येते आणि त्या भाषेचे पहिले धडे पुष्कळदा अशाच सहलींत, आपल्या उपस्थितीत, गिरवले जातात. १४३९ ची ती मशीद पाहिलेला आणि तिच्यावरील लेखाचा अर्थ समजलेला विद्यार्थी पुढे कोणत्या मताचा होईल हे सांगता येणार नाही. तो ठरविण्याचा अधिकारही आपल्याला नाही. परंतु एकाच वाक्यात सांगितलेल्या इतिहासावर तो सहजासहजी विश्वास ठेवणार नाही, एवढी आशा बाळगता येते. पुढील सहलीत बस त्या मशिदीपाशी दहा मिनिटे थांबविणे, एवढ्यापासून प्रारंभ करता येईल.